ताप उतरला, धास्ती उरली



पुराचे पाणी बांधीत आठ दिवस उभे राहिले आणि मग ओसरले, तर धानाचे पीक काही ठिकाणी वरून हिरवेच दिसते. पण जाणता शेतकरी तेवढ्यावर निर्धास्त होत नाही. मुळांना हवा मिळालेली नसते. पुढे पान पिवळे पडते, फुटवे थांबतात. म्हणून तो साचलेले पाणी काढतो, पिकाला काही दिवस सावरू देतो आणि मगच युरियाचा हप्ता देतो. माणसाच्या मनाचेही असेच आहे. मोठे दुखणे अंगावरून गेले की माणूस वरून बरा दिसतो. मुळाशी काय झाले, ते मात्र चटकन कळत नाही.

कोरोनाच्या साथीला जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी महासाथ म्हटले आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आज मास्क खुंटीवरून उतरले आहेत. परंतु गावोगाव फिरताना एक गोष्ट माझ्या नजरेस येते. दवाखान्यातून बरे होऊन आलेली काही माणसे अजून पूर्वीसारखी हसत-बोलत नाहीत. ज्यांनी त्यांची सेवा केली त्या आशाताई, नर्सबाई, रुग्णवाहिकेचे चालक यांच्यापैकीही काहींची झोप अजून जाग्यावर आलेली नाही. शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. शेती करणारा माणूसच खचला, तर बी-बियाणे आणि खत घेऊन करायचे काय?

आपल्या जिल्ह्यात काय घडले

गोंदिया जिल्ह्यात पहिला रुग्ण मार्च २०२० च्या अखेरीस सापडला. तो बरा झाला आणि त्यानंतर काही आठवडे जिल्ह्यात रुग्ण नव्हता. याच काळात देशभर टाळेबंदी होती. देवरीवरून छत्तीसगडकडे जाणाऱ्या महामार्गाने मजुरांचे तांडे उन्हातान्हात पायी चालत होते. मे महिन्यात आपलीही माणसे बाहेरगावाहून परतू लागली आणि रुग्ण पुन्हा दिसू लागले. परत आलेल्यांना गावच्या शाळेत चौदा दिवस ठेवण्यात आले. रोगाची लागण रोखण्यासाठी ते आवश्यक होते. परंतु कित्येक ठिकाणी शाळेच्या फाटकापाशी डबा ठेवणारा माणूस नजर न मिळवता निघून जाई. आपल्याच गावात आपण परके झालो, हा घाव कित्येकांना तेव्हाच बसला.

खरा तडाखा दुसऱ्या लाटेचा. एप्रिल २०२१ मध्ये खाटा अपुऱ्या पडल्या, प्राणवायूसाठी धावाधाव झाली. उन्हाळी धान कापणीला येत होते, मोह वेचण्याचे दिवस सरत होते आणि तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर होता. अशा वेळी घरातला कर्ता माणूस दवाखान्यात आणि बाकीचे घरात कोंडलेले, अशी अवस्था शेकडो कुटुंबांनी भोगली.

रुग्णाच्या मनावर काय होते

दवाखान्यातील माणसाला आपल्याकडे एकटे ठेवण्याची रीत नाही. खाटेशेजारी कोणीतरी बसलेले असते, डब्यात घरची भाकर किंवा भात येतो, दोन शब्द बोलले जातात. या साथीत ते सगळे तुटले. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसे येत आणि जात. कोण नर्स, कोण डॉक्टर, बाई की बुवा, हेही कळत नसे. शेजारच्या खाटेवरचा माणूस रात्री बोलत होता आणि सकाळी खाट रिकामी होती, असे ज्याने पाहिले त्याच्या मनातून ते दृश्य सहज जात नाही.

यात काही गोष्टी शरीराच्याही असतात, त्या समजून घ्याव्यात. रक्तातील प्राणवायू कमी झाला, ताप फार चढला आणि वय जास्त असले, तर रुग्ण भ्रमात जातो. तो वेळकाळ विसरतो, नसलेली माणसे दिसतात, नळ्या ओढतो. काही घरांत याला वेड लागले असे समजले गेले, तर कोणी बाहेरची बाधा मानली. हा भ्रम आजाराचाच भाग असतो आणि बहुतेकांचा तो आजाराबरोबर ओसरतो. वृद्धांना मात्र पूर्ववत व्हायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. तसेच स्टिरॉइड जातीच्या औषधांनी पुष्कळांचे प्राण वाचवले, पण त्या औषधाने काहींची झोप उडते, चिडचिड होते, मन वरखाली होते. ती औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कमी करावी लागतात.

घरी आल्यावर थकवा उरतो. आपल्याकडे म्हण आहे, दुखणे येते हत्तीच्या पायाने आणि जाते मुंगीच्या पायाने. पूर्वी जो एका दमात धुरा बांधी, तो चार फावडी मारून बसू लागला. घरच्यांना वाटे, आता तो आळशी झाला. त्यालाही वाटे, आपण घराला ओझे झालो. याच वाटेने उदासी घरात शिरते.

त्यात गावाची वागणूक. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका गावचे उदाहरण सांगतो. साठीच्या घरातले एक काकाजी मे २०२१ मध्ये दवाखान्यातून बरे होऊन आले. पुढे जुलैमध्ये पऱ्हे लावणीला आले, पण त्यांच्या बांधीत रोवणीला एकही बाई येईना. वास्तविक दोन महिने उलटले होते आणि त्यांच्यापासून कोणाला लागण होण्याचा संभव उरला नव्हता. पऱ्हे वाढत चालले. काकाजींनी शेतावर जाणेच सोडले. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. शेवटी शेजारच्या एका बाईने चौघीजणींना गोळा केले आणि दारात उभी राहून म्हणाली, "काकाजी, उद्या आमी येतो रोवणीले. तुमी फक्त धुऱ्यावर बसा." दुसऱ्या दिवशी काकाजी धुऱ्यावर बसले, तिसऱ्या दिवशी पऱ्ह्यांच्या पेंढ्या फेकू लागले. त्या बाईने कोणतेही औषध दिले नव्हते. पण गावाने आपल्याला टाकले नाही, एवढे त्यांना त्या दिवशी कळले.

धास्तीने रोग लपतो

ही धास्ती आजची नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. सोजिरांची पथके घरात शिरून रुग्ण शोधत, माणसे उचलून छावणीत नेत, सामान बाहेर काढत. लोक इतके घाबरले की रुग्ण लपवू लागले. रुग्ण लपला म्हणजे रोग घरातच पसरतो. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ रुग्णांसाठी दवाखाना चालवला. सावित्रीबाई स्वतः रुग्ण आणीत. त्या सेवेतच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. एकाच शहरात लोकांनी धाकाने आपले रुग्ण लपवले आणि मायेच्या हाती दिलेही.

सव्वाशे वर्षांनी आपण तेच पाहिले. तपासणी केली तर नेतील, घरापुढे बांबू बांधतील, पोरीचे लग्न मोडेल, दूध कोणी घेणार नाही, या भीतीने किती तरी घरांत ताप अंगावर काढला गेला. आशाताई दारात आल्या की "आमच्या घरी सगळे बरे आहेत," असे उत्तर मिळे. चार-पाच दिवसांनी श्वास कोंडला की मग धावाधाव. डॉक्टरांच्या हाती रुग्ण उशिरा पडला. म्हणजे मनातली धास्ती मनापुरती राहिली नाही, ती जिवावर बेतली. कोणाला वाळीत टाकल्याने साथ आटोक्यात येत नाही. ती दाराआड वाढते.

सेवा करणाऱ्याचे मन

आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जातो. त्या उन्हाळ्यात नर्सबाई आणि डॉक्टर प्लास्टिकसारखा संरक्षक पोशाख घालून सहा-सहा तास उभे होते. पोशाख एकदा चढवला की पाणी पिता येत नसे, लघवीला जाता येत नसे. हे शरीराचे हाल झाले. मनाचे हाल त्याहून मोठे होते. खाट एक आणि रुग्ण तिघे, अशा वेळी कोणाला घ्यायचे? मरणाऱ्याच्या मुलाला फोनवर काय सांगायचे? आपण केले ते पुरेसे होते का, हा प्रश्न अशा माणसाला वर्षानुवर्षे छळतो. दोष त्याचा नसतो, पण टोचणी त्यालाच लागते.

याशिवाय घरची चिंता होतीच. आपण रोग घरी तर नेत नाही ना? एक आशाताई मला भेटल्या, त्या दोन महिने घराच्या पडवीत निजत. लहान लेकरू दारातून हाक मारी आणि त्या लांबूनच उत्तर देत. दिवसा सर्वेक्षणाला गेल्यावर काही घरांतून त्यांना ऐकावे लागे, "तूच रोग घेऊन फिरतेस." लसीकरण सुरू झाल्यावर अफवांचा रागही त्यांच्यावरच निघाला. आशाताई म्हणजे आपल्याच गावची सून किंवा लेक. तिला पगार नाही, मानधन आणि कामाप्रमाणे मोबदला मिळतो. साधारण हजार लोकसंख्येमागे एक अशी ही व्यवस्था आहे. १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघर जाऊन ताप आणि प्राणवायू मोजण्याच्या कामात याच बाया पुढे होत्या. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला. तेव्हा त्यांच्या मानधनात १,००० रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता मान्य झाला. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. गौरव झाला हे चांगलेच झाले. पण ज्या घराने तिला दारातून हाकलले होते, त्या घराने एकदा "बाई, आत ये, चहा घे" म्हटले, तर त्याचे मोल तिला जास्त वाटेल.

रुग्णवाहिकेचे चालक, वॉर्डातील सफाई कामगार, स्मशानात रात्री-अपरात्री राबलेले नगर परिषदेचे कर्मचारी यांची तर कोणी आठवणही काढत नाही. जगभरात जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी या रोगाने दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २२ मार्च २०२० रोजी सायंकाळी आपण सर्वांनी थाळ्या वाजवून त्यांचे आभार मानले होते. पुढे महिनाभरातच, २२ एप्रिलला, त्यांच्यावर हल्ला करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापत झाल्यास सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवणारा अध्यादेश सरकारला काढावा लागला. या दोन तारखांमधले अंतर आपण सर्वांनी विचारात घ्यावे.

अर्धवट राहिलेला शोक

ज्या घरातले माणूस गेले, त्या घराचे दुःख आणखी वेगळे. शेवटचे तोंड पाहता आले नाही, पाणी पाजता आले नाही, खांदा देता आला नाही. तेरवीला सगेसोयरे आले नाहीत. त्या वर्षीच्या दिवाळीनंतरची मंडई आणि नाटकेही नेहमीसारखी झाली नाहीत. पाहुणा आला असता, गळ्यात पडून रडता आले असते, तेही राहून गेले. आपल्या रीतिरिवाजांत रडण्याला जागा ठेवलेली आहे. ती जागा मिळाली नाही म्हणजे दुःख आत साचते. बांधीतले पाणी मोरीतून न काढता तसेच ठेवावे, तसा हा प्रकार आहे.

अशा घरात अजूनही जावे. गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे, त्याच्या गोष्टी काढाव्यात. "आता जुने कशाला उगाळायचे" असे म्हणून विषय बदलू नये. आठवणीत एखादे झाड लावावे, पुण्यतिथीला चार माणसे जेवू घालावीत. विधवा झालेली बाई आणि पोरके झालेले लेकरू यांना शासकीय योजनांचे कागद करून देणे, हाही मनाला आधार देण्याचाच भाग आहे. अर्ज भरून देणारा माणूस त्या घराला देवासारखा वाटतो.

ओळखावे कसे, जावे कोठे

दुःख होणे म्हणजे आजार नव्हे. परंतु पुढील गोष्टी दोन आठवड्यांहून अधिक टिकल्या तर दुर्लक्ष करू नये: झोप न लागणे किंवा पहाटेच दचकून उठणे, भूक जाणे, कशातच मन न लागणे, छातीत धडधड होऊन जीव घाबरा होणे, दवाखान्याचे तेच ते दृश्य डोळ्यांपुढे येणे, विनाकारण संताप, दारूचे प्रमाण वाढणे आणि "माझ्यावाचून कोणाचे अडते?" अशी भाषा. हे दोष एकट्यादुकट्याचे नाहीत. साथीच्या पहिल्याच वर्षात चिंता आणि नैराश्य यांचे प्रमाण जगभर २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले.

पहिली पायरी गावातली. आशाताईंना किंवा उपकेंद्रात सांगावे. तेथून प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि पुढे गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अशी वाट आहे. घरबसल्या बोलायचे असल्यास टेलिमानस ही सरकारी दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. मानसोपचार म्हटले की पुष्कळांना नागपूरचे मनोरुग्णालयच आठवते आणि ते नावानेच बिचकतात. वास्तविक बहुतेक रुग्णांना दाखल व्हावेच लागत नाही. घरी राहून, शेतीचे काम करीत उपचार होतात.

औषधाविषयी एक सूचना. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. शेणखत टाकल्या दिवशी पीक हिरवे होत नाही, तसेच हे. आठ दिवसांत गुण नाही म्हणून गोळ्या सोडू नयेत, आणि बरे वाटले म्हणूनही मनाने बंद करू नयेत. झोपेच्या गोळ्या मात्र दुकानातून परस्पर आणून घेऊ नयेत, त्यांची सवय लागते.

एखाद्याच्या बोलण्यात मरणाची भाषा आली, तर सरळ विचारावे: "जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार मनात भरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने माणूस मोकळा होतो. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. आणि माझ्या खात्याच्या नात्याने आग्रहाने सांगतो, कीटकनाशकाचे डबे घरात, पलंगाखाली किंवा कोठीत उघडे ठेवू नका. कुलपाची पेटी करा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. श्रीलंकेने १९९५ आणि १९९८ मध्ये अति विषारी औषधांवर निर्बंध आणले. त्यानंतरच्या काही वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. तो घातक क्षण टळला तर माणूस वाचतो, हे त्यावरून दिसते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही असा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखालचा माणूस मानले आहे. तेव्हा पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नयेत.

गावाने काय करावे

आधार देण्याची रीत अवघड नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये क्षेत्रीय कार्यकर्त्यांसाठी ती तीन शब्दांत मांडली: पाहा, ऐका, जोडा. कोण खचले आहे ते पाहावे. उपदेश न करता त्याचे ऐकावे. आणि डॉक्टर, नातेवाईक, योजना, काम यांपैकी ज्याची गरज असेल त्याच्याशी त्याला जोडून द्यावे. साथ पुन्हा येईल तेव्हा येईल, पण गावाची तयारी आधी हवी. ग्रामसभेत बसून पुढील गोष्टी आताच ठरवून घ्याव्यात.

१. विलगीकरणात ठेवलेल्या माणसाशी रोज ठरलेल्या वेळी फोनवर किंवा लांबून बोलायचे, आणि ते कोणी बोलायचे.

२. त्याची जनावरे, दूध आणि पाण्याची पाळी कोण सांभाळील. बैल उपाशी आहेत हे मनात असले की दवाखान्यात झोप लागत नाही.

३. बरा होऊन आलेल्या माणसाला डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर रोवणी-कापणीच्या कामात, पारावर आणि पंगतीत पूर्वीप्रमाणे घ्यायचे.

४. आशाताई आणि नर्सबाई यांच्याबरोबर घरोघर फिरायला ग्रामपंचायतीचा एक सदस्य आणि दोन तरुण द्यायचे. शिव्या एकटीच्या वाट्याला येता कामा नयेत.

५. अफवा आली की ती पुढे पाठवण्यापूर्वी आरोग्य केंद्रात विचारायचे.

६. मृताच्या घरी शेवटचा निरोप कसा द्यायचा, याचा सुरक्षित मार्ग डॉक्टरांना विचारून आधीच ठरवायचा. लांबून का होईना, मुलाला बापाचे तोंड दिसले पाहिजे.

यातील एकाही गोष्टीला मोठा पैसा लागत नाही. गाव करी ते राव न करी, असे आपले वाडवडील सांगत आले. लस शास्त्रज्ञ काढतील, खाटा आणि प्राणवायू शासन पुरवील. पण दुखण्यातून उठलेल्या माणसाच्या ओट्यावर जाऊन बसणे आणि सेवा करून दमलेल्या बाईला पाण्याचा तांब्या पुढे करणे, हे काम बाहेरून कोणी येऊन करणार नाही. ते शेजाऱ्याचेच आहे. या आठवड्यात आपल्या गावातील अशा एका घरी अवश्य जाऊन या.